चारातला एक

आमच्या शिवाला दुष्काळ बाधला, असं आमच्या घरात बोललं जायचं. कुणी पाहुणा आला आणि शिवाकडं बघून त्याचं बोलणं जरा अडखळलं, की अव्वा, म्हणजे आमची आई, आपणहून सांगायला लागायची. हा पोटात होता तेव्हा मोठा दुष्काळ होता, घरात लाल मिलो शिजत होती, विहिरीच्या तळाचं पाणी फडक्यातून गाळून प्यायलो, त्या मिलोनं माझ्या लेकराचं रक्त पांढरं केलं. पाहुणा मान हलवायचा. मिलो म्हणजे रेशनवर आलेली परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की पोट डब्ब व्हायचं. ती सगळ्या उदगीरनं खाल्ली होती आणि त्या वर्षी जन्मलेली बाकीची पोरं आमच्याच गल्लीत धुळीत लोळत विटीदांडू खेळत होती. पण हे पाहुण्याच्या ध्यानात यायचं नाही आणि आमच्याही यायचं नाही. दुष्काळावर कसलंही खापर फोडलं तरी चालायचं, तो काही उलटून बोलायला येत नव्हता.

शिवा माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा होता आणि दिसायचा पाच-सहा वर्षांचा. रंग पिवळट, कपाळ पुढं आलेलं, आणि पोटात डाव्या अंगाला एवढा गोळा की सदरा कायम वर उचललेला. अंगात ताकद नव्हती, पण तोंड असं की भल्याभल्यांची फिरकी घ्यायचा. अव्वा त्याच्यासाठी लोखंडी कढईत अंबाडीची भाजी करायची, काळा गूळ आणि खजूर फडताळात लपवून ठेवायची, आणि उदगीरच्या डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं टॉनिक दोन वेळा शिवाचं नाव घेऊन, म्हणजे देवाचं नाव घेऊन, भरवायची. टॉनिक पिऊन जीभ काळी झाली की तो ती मला दिवसभर दाखवत हिंडायचा. दोन-तीन महिन्यांनी पांढराफटक पडला, जिना चढताना धापा टाकायला लागला, की त्याला अंबाजोगाईला नेऊन रक्त चढवून आणायचं. आज मला ठाऊक आहे की त्या आजारात अंगात लोह आधीच साठत जातं, काळजात साठतं, यकृतात साठतं. त्या टॉनिकचा एकेक चमचा त्याला खाली ओढत होता. हे मी अव्वाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेवढी अक्कल वयानं दिली मला.

आमचा छापखाना घराच्या पुढच्या खोलीत होता. सगळे त्याला प्रेस म्हणायचे. अप्पा, आमचे वडील, पायानं ट्रेडल मशीन चालवायचे, आणि त्या खटक-धप्प खटक-धप्प आवाजात आम्ही तिन्ही भावंडं वाढलो. मशीन थांबलं की तान्हेपणी शिवा जागा होऊन रडायचा म्हणे. घरभर शाईचा आणि रॉकेलचा वास. अव्वाच्या हुग्गीलाही, म्हणजे गव्हाच्या खिरीलाही, कधीकधी रॉकेलचा वास यायचा आणि अप्पा मुकाट्यानं खायचे, कारण चूक त्यांच्याच हातांची असायची. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सोसायटीची पावतीपुस्तकं, असलं काम. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला गंगारामकाका होते. चष्म्याला दोरा बांधलेला, बोलणं कमी, हात मात्र असा की बघत राहावं. ते बौद्धवाड्यातून सायकलीवर यायचे, आणि त्यांचा चहाचा कप आमच्या घरात बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. त्याची लाज मला फार उशिरा वाटली. त्यांनीच मला अकराव्या वर्षी स्टिक, म्हणजे ओळीचे खिळे भरायची लोखंडी पट्टी, हातात धरायला शिकवलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते उलटंच वाचायला शिकायचं, आणि ओळ भरत आली की बोट फिरवून बघायचं. ते म्हणायचे, ताई, इथं एक खिळा चुकला तर पाचशे कागदांवर चुकतो.

आता घरातलं नातं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. अप्पांची थोरली बहीण मुखेडला दिलेली. तिची मुलगी म्हणजे आमची अव्वा. म्हणजे अप्पांनी सख्ख्या भाचीशी लग्न केलं. आजकालच्या पोरींना सांगितलं की तोंडावर हात ठेवतात. आमच्या भागात तेव्हा, कर्नाटकाच्या कडेला, ती सगळ्यांत चांगली सोयरीक समजली जायची, आणि ती एका जातीची गोष्ट नव्हती, गल्लीतल्या निम्म्या घरांत होती. पोरगी परक्यात जात नाही, सासू आजीच असते, छळ होत नाही. लग्नाआधी अव्वा अप्पांना मामा म्हणायची आणि लग्नानंतरही एकदोन महिने तिच्या तोंडून तेच निघायचं, असं आमची ती आत्याआज्जी हसून सांगायची. तिला मी आत्याही म्हणू शकत होते आणि आजीही. अव्वाचा धाकटा भाऊ बसूमामा. अप्पांनी त्या घरातली मुलगी आणली, तर या घरातली एक तिकडं परत गेली पाहिजे, हे ठरलेलंच. माझी थोरली बहीण शकू, म्हणजे आमची अक्का, पाळण्यात असल्यापासून बसूमामाची होती. मामा दिवाळीला यायचा तो अक्काला साडी आणि मला रिबिनी आणायचा. मी जळायचे. अक्का सातवीनंतर घरात बसली, भाकरी चंद्रासारखी गोल करायची, आणि मामाचं नाव निघालं की उगाचच पाणी आणायला जायची.

मला मात्र अप्पांनी लातूरला कॉलेजात घातलं. त्याच सुमारास लातूरचा जिल्हा झाला. केवढा उत्सव! आमच्या प्रेसमध्ये महिनाभर दुसरं काम नव्हतं, अभिनंदनाची पत्रकंच पत्रकं. ‘जिल्हा उस्मानाबाद’ असं बांधून ठेवलेलं शिसं गंगारामकाकांनी सोडलं आणि खिळे खणाखणांत परत टाकले. अव्वाला जिल्ह्याचं कौतुक एकाच गोष्टीसाठी होतं. आता लातूरला सगळ्या सोयी होतील, रक्त तिथंच मिळेल, मोठे डॉक्टर येतील, पोरगं वाचेल. त्या वर्षी मीही असंच धरून चालले होते. आम्हां सगळ्यांनाच वाटत होतं की आपण मागास जिल्ह्यात होतो म्हणून आपल्या घरात हा आजार आहे.

कॉलेजात जाधव सर जीवशास्त्र शिकवायचे. नवीन नोकरी, ढगळ पँट, आणि फळ्याकडं तोंड करूनच बोलायची सवय. एके दिवशी त्यांनी डीएनए काढला. पेशीच्या केंद्रकात लांबच लांब दुपेडी धागा, त्यावर चारच अक्षरं. चार! आमच्याकडं नुसत्या मराठीला भिंतभर खण लागायचे आणि देवाचं चार खिळ्यांत भागलं होतं. एका पेडावर एक अक्षर असेल तर समोरच्या पेडावर त्याची ठरलेली जोडी. मूळ धागा केंद्रकाच्या बाहेर कधी जात नाही, त्याची नक्कल बाहेर जाते, तिला आरएनए म्हणायचं. बाहेर रायबोसोम नावाचं यंत्र ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतं, आणि प्रत्येक तिहेरी शब्दाला एक, असे मणी एकामागं एक ओवून प्रथिन तयार होतं. बाकीची पोरं डोळे बारीक करून फळ्याकडं बघत होती. मला ते लगेच दिसलं. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा आत दगडावर बांधलेला असतो, गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो छापलेला कागद. सर म्हणाले, यात एक अक्षर बदललं तर प्रथिन बदलू शकतं, किंवा बनतच नाही. मी घाईघाईनं वहीत लिहून घेतलं. इतका आनंद मला शिकताना परत कधी झाला नाही, आणि नंतर पस्तीस वर्षं नांदेडला हाच धडा मी पोरांना शिकवला.

अंबाजोगाईच्या कागदावर शिवाच्या आजाराचं इंग्रजीत लांबलचक नाव लिहिलेलं होतं. अप्पांनी ते वाचलं होतं, छापील काय नि लिहिलेलं काय, अक्षर दिसलं की ते सोडायचे नाहीत. पण त्याचा अर्थ त्यांनी कुणाला विचारला नव्हता. मी ते नाव उतरवून जाधव सरांना दाखवलं, जरा मिरवायलाच. त्यांनी दोन दिवस घेतले, लायब्ररीतलं एक जाड पुस्तक काढलं आणि मला बसवून समजावलं. थॅलेसेमिया. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याची एक साखळी या मुलांत बनतच नाही, कारण मजकुरातच चूक आहे. प्रत्येकाजवळ मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक चुकीची असली तर दुसरीवर भागतं, माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही चुकीच्या असल्या की मूल असं होतं. मग सरांनी विचारलं, आई-वडील नात्यातले आहेत का? मी सांगितलं. सर पुस्तकाची पानं उलटायला लागले, आणि मला अंबाडीच्या भाजीचा तो गच्च लोखंडी वास आठवला. एकाच घरातली चूक दोन वाटांनी येऊन शिवाच्या अंगात भेटली होती. मिलोचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

त्याच महिन्यात शिवा पुन्हा पडला. या वेळी लातूरलाच आणला. गंगारामकाका नेहमी रक्त द्यायचे, त्यांचा गट जुळायचा, पण मागच्या खेपेला देऊन त्यांना पुरते दोन महिनेही झाले नव्हते. अप्पांचं आणि अव्वाचं रक्त डॉक्टर घेत नसत, कमी भरायचं, आणि घरात सगळे म्हणायचे काळजीनं आटलं. म्हणून मुखेडहून बसूमामा आला. मामा म्हणजे गडी! धान्याचं दुकान, पोतं एका झटक्यात पाठीवर. त्यानं आल्या आल्या बाही वर सारली आणि शिवाला म्हणाला, माझं रक्त चढल्यावर कुस्ती खेळशील. तिथं एका काचेच्या भांड्यात निळं पाणी असायचं. बोटाला टोचून थेंब त्यात सोडायचा, थेंब बुडाला तर रक्त चालतं, तरंगला तर नाही. मामाचा थेंब तरंगला. मामा हसला, सिस्टरला म्हणाला, बाई, दुसरं बोट घ्या, हे डावं हाय. दुसराही तरंगला. मी भांड्याकडं बघत उभी होते आणि मला पुढचं सगळं त्या निळ्या पाण्यात दिसत होतं. शेवटी दवाखान्यातल्या एका वॉर्डबॉयनं शिवाला रक्त दिलं.

डॉक्टरांनी मामाचं रक्त काचपट्टीवर पसरून बघितलं. मग आम्हां दोघांना बोलावलं, नातं विचारलं, आणि मामाचं लग्न झालंय का ते विचारलं. ठरलंय, मी म्हणाले, माझ्या थोरल्या बहिणीशी. डॉक्टर केसपेपरच्या पाठीमागं चार चौकोन काढायला लागले. यांच्यात एक चुकीची प्रत आहे असं दिसतंय. तुमच्या बहिणीत नसेल तर काळजी नाही. असेल, तर दर खेपेला चारात एक शक्यता अशा मुलाची. एक पूर्ण चांगलं, दोन आई-बापासारखे, एक असं. त्यांनी एक चौकोन पेनानं काळा केला. म्हणाले, मुलीला लग्नाआधी घेऊन या, रक्त हैदराबादला पाठवू, तिथं पक्कं कळतं. बाहेर आल्यावर मामा पायऱ्यांवर बसला. त्यानं एकदम चार-पाच वेळा तोंडावरून हात फिरवला.

“नंदे, मला तर कधी सर्दीबी होत न्हाई,” तो म्हणाला. मग बाही खाली ओढत, “शकूचं तपासून घे. तिच्यात निघालं तर मी माघार घेतो. शिवाकडं बघून सांगायलो. लेकराला असं करायला मला होणार न्हाई.”

मामा चांगला माणूस होता. तो वाईट असता तर मला आज बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी अव्वाला सांगितलं. मला वाटत होतं तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. नऊ वर्षं ती स्वतःला दोष देत होती की मी मिलो का खाल्ली, माहेरी जाऊन चांगलं का खाल्लं नाही. अठरा वर्षांची मी, नुकती शहाणी झालेली. चुलीपुढं बसून मी तिला सगळं समजावलं, धागा, चार अक्षरं, दोन प्रती. अव्वा आमटीचा येसर मसाला भाजत होती, अक्काच्या लग्नासाठीच. ती ढवळायची थांबली नाही.

“म्हणजे मी दिलं,” ती म्हणाली. “मी आन् तुझ्या अप्पानं मिळून दिलं. मिलोनं झालं म्हणून मी सरकारला शिव्या देत होते, पावसाला देत होते. आता कुणाला देऊ, सांग. आता तपासायला शकूला न्हेणार, मग गाव इचारणार का न्हेलती. मग तिला कोण करून घेईल? तुला कोण करून घेईल?”

मग तिनं येसर परातीत काढला आणि मला दुकानातून खोबरं आणायला पिटाळलं. अप्पांनी ऐकलं होतं, ते मशीनच्या खोलीत गेले आणि काम नसताना ट्रेडल चालवत बसले. मी चिडले होते. मला वाटलं ही अडाणी माणसं आहेत. आज मी अव्वाच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि मला तिचं म्हणणं शब्दन्‌शब्द पटतं, तरी मला त्या सगळ्यांचा रागही येतो. दोन्ही एकदम होतं.

अक्का माझ्याबरोबर आली. चोळीचं कापड बघायला जातो असं सांगून आम्ही सकाळच्या एस्टीनं लातूरला गेलो. तिनं रक्त दिलं, सुई टोचताना माझा हात घट्ट धरला, आणि नंतर आम्ही खरंच गंजगोलाईच्या बाजारात जाऊन चोळीचं कापड घेतलं, खोटं नको म्हणून. कापडाच्या दुकानात ती मला हळूच म्हणाली, मामाला हिरवा आवडतो. पंधरा-वीस दिवसांनी हैदराबादचा कागद माझ्या हॉस्टेलवर आला. मी तो उभ्या उभ्याच वाचला आणि त्याच दुपारी उदगीरची गाडी पकडली.

पोचले तेव्हा पत्रिकेचा मजकूर गंगारामकाका जुळवत होते. मुलीच्या बापाचा प्रेस, म्हणून पत्रिका थाटाची, कडेनं वेलबुट्टी. मी अक्काला गच्चीवर नेलं. कागद दाखवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, मी सांगितलं की तिच्यातही एक चुकीची प्रत निघालीय. मग मी वहीचं पान फाडून डॉक्टरांसारखे चार चौकोन काढले आणि एक काळा केला. मला वाटलं तिनं बघितलं की तिला समजेल. मी शिक्षिका होणार होते ना. अक्कानं ते पान मांडीवर सपाट केलं आणि चौकोनांवरून एकेक करून बोट फिरवलं. खाली मशीनचा आवाज चालू होता.

“तीन कोरे हायेत की गं,” ती म्हणाली.

मी तिला पुन्हा सांगायला गेले. शिवाचं नाव घेतलं. शिवाचं पोट, रात्री हाडं दुखतात म्हणून तो कण्हतो ते. ती म्हणाली, शिवाला मीच रोज बघतेय, तू लातूरला असतीस. मग ती जे बोलली ते सावकाश बोलली, तिनं आधीच ठरवून ठेवल्यासारखं. मामानं नको म्हणलं तर लोक म्हणतील पोरीतच खोट हाय. दुसरीकडं दिली तरी तेच लपवून द्यावं लागेल. अव्वा माहेरला तोंड दाखवणार न्हाई. आन् मला मामा पायजे नंदे, मी दुसरं कुणाचं नाव कधी मनात आणलंच न्हाई. चारातले तीन चांगले म्हणतीस ना, मग बास झालं. शेतात एवढी खात्री कुणाला असते? तिनं कागद माझ्या हातातून घेतला, चोळीत ठेवला, आणि म्हणाली मामाला मीच सांगते.

मामा अक्षता-पत्रिकेच्या बोलण्याला चार दिवसांनी आला. माजघराच्या दारात अक्कानं त्याला सांगितलं, माझं रक्त चांगलं हाय म्हणून कागद आला. मामानं माझ्याकडं बघितलं. त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, तो माघार घ्यायला तयार होऊनच आला होता. मी समोरच प्रेसच्या खोलीत, हातातल्या स्टिकमध्ये खिळे भरत होते. मी खिळ्यांकडं बघत राहिले. मामाचा चेहरा असा मोकळा झाला की त्यानं शिवाला उचलून खांद्यावर घेतलं आणि अंगणभर फिरवलं. लग्न झालं. लग्न लावायला जंगमस्वामी आले, दोन्हींकडचे पाहुणे तेच ते, कारण घरच एक. जेवणं बाहेर मांडवात होती आणि गंगारामकाकांनी सगळ्यांच्या पंगतीत बसायचं टाळून, घरी काम आहे म्हणून सांगितलं.

शिवा पुढच्या वर्षी गेला. लातूरच्या दवाखान्यात, दुपारी, सिस्टरची नक्कल करून दाखवता दाखवता दमला आणि झोपला. जिल्हा झाला होता, डॉक्टर आले होते, रक्त मिळत होतं, त्या सगळ्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. अक्का तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती, तिला मातीला येऊ दिलं नाही. तिला मुलगा झाला. मामानं मुखेडात पेढे वाटले. सहाव्या महिन्यात पोराचा रंग उतरला आणि दूध पिताना तो थकून थांबायला लागला. मामा त्याला घेऊन लातूरला आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. डॉक्टरांनी पोट दाबलं, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. माझं ते खिळ्यांकडं बघत राहणं मामाला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि मरेपर्यंत बोलला नाही. अक्काशी काय बोलला, मला माहीत नाही. तो तिला टाकून गेला नाही, पोराला दर महिन्याला खांद्यावर टाकून एस्टीनं आणायचा, रक्तदात्यांच्या पाया पडायचा.

मला नांदेडला नोकरी लागली होती. पोर चार वर्षांचं झालं आणि अक्का दुसऱ्या बाळंतपणासाठी उदगीरला आली तेव्हा मी तिला भेटायला गेले. आठवा महिना होता. मोठं पोर तिच्या मांडीला टेकून बसलेलं, तेच पुढं आलेलं कपाळ, तोच पिवळा रंग. अव्वा स्वयंपाकघरात लोखंडी कढई घासत होती. अक्कानं माझ्या ताटात धपाटे वाढले, शेंगाची चटणी वाढली, तेल घातलं, आणि मग माझ्याजवळ सरकून विचारलं. इतकी वर्षं तिनं तो हिशेब मनात कसा जपला होता ते मला तेव्हा कळलं.

“नंदे, चारातला एक वाईट म्हणलतीस. तो झाला की आता. म्हणजे राहिलेले तीन चांगले असतील ना?”

त्यातलं खरं उत्तर मला माहीत होतं, मी त्याचेच पैसे घेत होते. प्रत्येक मूल म्हणजे नवीन डाव, आधी काय झालं हे त्या अक्षरांना आठवत नसतं. पहिलं असं झालं म्हणून दुसऱ्याचं काही सुटत नाही. हे मी शेकडो पोरांना सांगितलंय, परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही काढलाय. पण तिचा आठवा महिना होता. खरं सांगून काय होणार होतं? पोटातलं काय आहे ते आधी बघायची सोय तेव्हा आमच्या मुलुखात कुणी ऐकलीही नव्हती. तिचे दोन महिने तरी सुखात जावेत, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिच्या तोंडाकडं बघून ते बोलायची माझी छाती झाली नाही. गच्चीवर ते चौकोन मीच काढले होते.

“हाव,” मी म्हणाले. “आता चांगलंच होईल.”

अक्काला मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत. मामानं या वेळी पेढे वाटले नाहीत. सहा महिने मी रोज पत्राची वाट बघितली आणि पत्र आलं नाही म्हणून रोज जरा जास्त झोपले. मग अक्का स्वतःच आली, लातूरला, मला बोलावून घेतलं. दवाखान्याच्या बाकावर ती बसली होती, मोठं पोर शेजारी निजलेलं, मुलगी पदराखाली. मी पदर बाजूला केला. मला डॉक्टरांची गरज नव्हती. अक्कालाही नव्हती, तिनं शिवाला बघितलं होतं, स्वतःच्या पोराला बघितलं होतं.

“तू हाव म्हणलतीस,” ती म्हणाली.

आवाज चढवला नाही. मी काही बोलायच्या आत तिनं मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, पदर नीट केला आणि केसपेपर काढायला रांगेत जाऊन उभी राहिली.